मानेतलं इंजेक्शन आणि न दिसणारी गळती

‘इन्स्ट्रुमेंटेशनच्या पोराने मानेतल्या इंजेक्शनवर कशाला लिहायचं?’ हा प्रश्न आमच्या मराठी विभागाच्या मीटिंगमध्येच विचारला गेला. माझं उत्तर असं, की लीक डिटेक्शन आमच्याच सिलॅबसमध्ये आहे, आणि हा लेख एका गळतीबद्दलच आहे. फरक एवढाच की इथे पाइप म्हणजे माणसाची रक्तवाहिनी, आणि गळती जिथे होते तिथे गेज लावायला जागा नाही. शिवाय माझा सेमिनारचा विषय होता ‘अल्ट्रासाउंडच्या मदतीने सुईचं मार्गदर्शन’. त्यासाठी वाचता वाचता जे सापडलं ते होस्टेलमधल्या प्रत्येकाला माहीत हवं असं वाटलं, कारण आमच्याच विंगमध्ये तशी वेळ येऊन गेली. ते पुढे सांगतोच.

आधी हे इंजेक्शन म्हणजे काय ते बघू. मणक्यांच्या पुढच्या बाजूने दोन्हीकडे सिंपथेटिक नसांची एक साखळी उतरते. घाम येणं, रक्तवाहिन्या आकसणं-पसरणं असली कामं हिची. मानेच्या तळाशी, पहिल्या बरगडीच्या वर या साखळीत एक गाठ असते. ती चांदणीसारखी दिसते म्हणून तिचं नाव स्टेलेट गँग्लिअन. या गाठीपाशी भूल देणारं औषध सोडलं की त्या बाजूच्या हाताकडे, चेहऱ्याकडे जाणारे सिंपथेटिक संदेश काही तास थांबतात. हात मोडल्यावर हाड जुळतं, प्लास्टर निघतं, पण काही जणांचा हात सुजलेलाच राहतो, रंग बदलतो, नुसता वारा लागला तरी आग होते. याला सीआरपीएस म्हणतात. अमेरिकन यादवी युद्धात गोळी लागून नसा दुखावलेल्या सैनिकांमध्ये असल्याच आगीची नोंद वायर मिचेल या डॉक्टरांनी केली होती. अशा रुग्णांना हे इंजेक्शन देतात. हाताचा रक्तपुरवठा कमी झाला तर देतात, आणि हृदयाचे ठोके वारंवार भरकटून औषधांना दाद देईनासे झाले तर त्यासाठीसुद्धा देतात. खरं सांगायचं तर सीआरपीएसमध्ये याचा फायदा किती टिकतो याचा पुरावा कच्चाच आहे. तरी डॉक्टर देतात, कारण दुखणं थोडे तास जरी दबलं तरी तेवढ्यात फिजिओथेरपीत हात हलवून घेता येतो.

आता भूगोल. कंठमण्याच्या खाली बोट सरकवत नेलं की एक कडक कडं लागतं. साधारण त्याच पातळीवर आत मानेचा सहावा मणका असतो, आणि त्याच्या बाजूला एक उंचवटा. त्याला शासेन्याक या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच सर्जनचं नाव आहे. गंमत बघा, हा उंचवटा प्रसिद्ध झाला तो रक्तस्राव थांबवायची जागा म्हणून! मानेतली मोठी कॅरॉटिड रोहिणी या हाडावर दाबून धरता येते. आज त्याच हाडाचा उपयोग सुईला खूण म्हणून होतो. (प्रयोग म्हणून रूममेटची मान दोन्ही बाजूंनी दाबून बघू नका. चक्कर येऊन पडेल.)

खरी गाठ सातव्या मणक्याच्या पातळीवर असते, पण सुई टोचतात एक मजला वर. कारण मेंदूकडे जाणारी व्हर्टिब्रल रोहिणी बहुतेकांत सहाव्या मणक्याच्या हाडातल्या भोकात शिरते आणि तिथून पुढे हाडाच्या कंड्युटमधून वर जाते. सातव्यापाशी ती उघडी वायर असते. फुप्फुसाचं टोकही तिथे जवळ असतं. म्हणून सहाव्यावर औषध सोडायचं आणि ते खाली झिरपू द्यायचं. पण सहाव्यापाशी सगळं सुरक्षित आहे असंही नाही. बाहेरच्या बाजूला कॅरॉटिड आणि जुगुलर नीला, आतल्या बाजूला श्वासनलिका, तिच्यामागे अन्ननलिका, वर थायरॉइड. आणि थायरॉइडला रक्त देणारी एक खालची रोहिणी कॅरॉटिडच्या मागून आडवी वळते. तिची वळणं प्रत्येकात वेगळी. शरीरशास्त्राच्या पुस्तकातली आकृती म्हणजे सिव्हिलवाल्यांचा मंजूर नकाशा समजा. प्रत्यक्ष बांधकाम साइटवर जाऊनच कळतं.

जुन्या पद्धतीत डॉक्टर दोन बोटांनी कॅरॉटिड बाजूला सारतात, सुई हाडाला टेकेपर्यंत नेतात, किंचित मागे घेतात, सिरिंजचा दट्ट्या ओढून रक्त येत नाही ना बघतात आणि औषध सोडतात. दट्ट्या ओढणं अत्यावश्यक आहे, कारण व्हर्टिब्रल रोहिणीत अगदी थोडं औषध गेलं तरी ते थेट मेंदूत पोचून तिथल्या तिथे झटका येऊ शकतो. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने ही चाचणी अपुरी. ती फक्त सांगते की सुईचं टोक *या क्षणी* रक्तवाहिनीत नाही. वाटेत येताना एखादीला आरपार भोक पाडून आलं का, हे ती सांगूच शकत नाही.

सुईबद्दल मेकॅनिकलवाल्यांसाठी एक वाक्य. वर्कशॉपमध्ये तारेचा गेज जसा उलटा चालतो, नंबर मोठा तशी तार बारीक, तेच इथे. २२ गेजची सुई बाहेरून साधारण ०.७ मिलिमीटर, २५ गेजची ०.५. व्यासात फरक दिसायला फारसा नाही, पण भोकाचं क्षेत्रफळ जवळजवळ निम्मं होतं.

एवढ्याशा भोकातून असं किती रक्त जाणार? इथेच मला स्वतःला आधी पटत नव्हतं. एनएसएसच्या शिबिरात आपण ३५० मिली रक्त देतो, बिस्कीट खातो आणि लेक्चरला (किंवा कँटीनला) जातो. मोठ्या माणसात एकूण रक्त पाच लिटरच्या आसपास. मग थोडं मानेत साठलं तर काय बिघडलं? बिघडतं ते असं, की इथे माणूस रक्त कमी पडल्याने दगावत नाही. तो हवा कमी पडल्याने दगावतो. बाटलीभर रक्त बाहेर गेलं तर काही होत नाही, आणि त्याच्या कितीतरी कमी रक्त घशामागे साठलं तर जीव जाऊ शकतो.

मानेतली सगळी इंजेक्शनं एका मापाची नाहीत, हेही लक्षात ठेवा. खांद्याच्या ऑपरेशनसाठी मानेच्या बाजूला जो ब्लॉक देतात, तिथे नसा कातडीपासून फार खोल नसतात. तिथे रक्त आलं तर फुगवटा दिसतो, बोटाने दाबून धरता येतो. आपल्या शेतातला वरून गेलेला पाइप फुटला तर कसं लगेच कळतं, तसं. स्टेलेटची गोष्ट वेगळी. तिथे रक्त येतं ते मणक्याच्या पुढच्या आणि घशाच्या मागच्या पापुद्र्यांमध्ये. वरून मान अगदी सपाट. दाबणार कुठे? मध्ये अख्खा घसा आहे. म्हणूनच रक्तस्रावाच्या धोक्यानुसार वेदनोपचारांचे जे गट अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संस्थेने पाडलेत, त्यात हा ब्लॉक मध्यम धोक्याच्या गटात आहे.

या पापुद्र्यांमधली जागा, म्हणजे घशामागची पोकळी, कवटीच्या तळापासून खाली छातीपर्यंत उतरते. ती रिकामी नसते, पण आतला मऊ तंतूंचा भराव सहज बाजूला सरतो. बंद टाकीत गळती झाली तर आतला दाब वाढतो, दोन्हीकडचा दाब सारखा झाला की गळती थांबते. मांडीत किंवा दंडात रक्त साकळतं तेव्हा काहीसं असंच होतं. पण ही टाकी खालून उघडी आहे. रक्त पसरत राहतं, दाब लवकर वाढत नाही, म्हणून गळती लवकर थांबत नाही. आणि दाब वाढत नाही म्हणून सुरुवातीला त्रासही होत नाही. मला सगळ्यात जास्त भीती याच गोष्टीची वाटली.

किती उशीर होऊ शकतो? जपानमध्ये हा ब्लॉक फार मोठ्या प्रमाणावर दिला गेला आहे. तिथल्या डॉक्टरांनी २००६ मध्ये वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या अशा २७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या १४ जणांत, म्हणजे निम्म्याहून जास्त, लक्षणं सुरू व्हायला दोन तास किंवा त्याहून अधिक लागले होते. जगभरातून सत्तावीसच नोंदी जमल्या, यावरून ही दुर्मीळ गोष्ट आहे हे दिसतं. घाबरून इंजेक्शन टाळावं असं माझं म्हणणं नाही. पण दोन तास म्हणजे काय? दवाखान्यात निरीक्षणाखाली ठेवून ‘जा आता घरी’ म्हणतात तोवरचा वेळ. म्हणजे निम्म्या लोकांत त्रास सुरू होतो तेव्हा समोर डॉक्टर असेलच असं नाही. असतो आपण!

आणि आपल्याला ओळखू येणं अवघड, कारण इंजेक्शन *यशस्वी* झाल्याच्या खुणाच विचित्र असतात. त्या बाजूची पापणी उतरते, बाहुली बारीक होते, डोळा लाल होतो, नाक चोंदतं. याला हॉर्नर सिंड्रोम म्हणतात आणि तो दिसला की डॉक्टर खूश होतात. औषध थोडं बाजूला झिरपलं तर स्वरयंत्राची नस बधिर होऊन आवाज बसतो, गिळताना घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. हेही चालतं, औषध उतरलं की जातं. आता रक्त साकळायला लागल्याची पहिली लक्षणं काय? आवाज बसणं, गिळताना त्रास, घशात अडकल्यासारखं वाटणं, मानेत किंवा पाठीत दुखणं. म्हणजे नॉइज आणि सिग्नल एकाच फ्रिक्वेन्सीचे! मग फिल्टर लावायचा कसा?

तर वेळेच्या अक्षावर. औषधाचा परिणाम हा उतरता आलेख आहे. पहिल्या तासाभरात सर्वांत जास्त, मग कमी कमी होत काही तासांत शून्य. साकळणाऱ्या रक्ताचा आलेख चढता. म्हणून ‘आवाज बसलाय का’ हा प्रश्नच चुकीचा. ‘आवाज दुपारपेक्षा बरा आहे की वाईट’ हा प्रश्न बरोबर. एकदा सुधारून परत बसला, किंवा दुपारी नव्हतं ते रात्री सुरू झालं, तर ते औषधाचं नाही.

आमच्या विंगमधल्या मित्राचं नेमकं हेच झालं. मनगट मोडल्यानंतर चार महिने त्याचा हात धड नव्हता. त्याला ठरवून तीन इंजेक्शनं द्यायची होती. पहिलं सुरळीत पार पडलं. दुसरं सकाळी साडेअकराला झालं, दोन तास त्याला तिथेच झोपवून ठेवलं आणि मग आम्ही रिक्षाने होस्टेलवर आणलं. एक डोळा अर्धा मिटलेला, त्यामुळे विंगभर त्याची भरपूर टिंगल झाली. आवाज घोगरा होता तो चारपर्यंत साफ झाला. आठ वाजता मेसमध्ये वरणभाताचा दुसरा घास घेऊन तो थांबला. म्हणाला, ‘अरे, गिळवत नाहीये, आणि पाठीत इथे मध्येच दुखतंय.’ आवाज परत घोगरा. मान आम्ही टॉर्च लावून बघितली, टोचल्याची खूणसुद्धा नीट सापडेना. एक जण म्हणाला, थोडा पड, बरं वाटेल. पण आडवं झाल्यावर त्याला श्वास जड वाटायला लागला, म्हणून तो स्वतःच उठून बसला.

रेक्टर सरांनी एक शब्द जास्त विचारला नाही. गाडी काढली. वॉचमन मामांनी गेट आधीच उघडून ठेवलं होतं. कॅज्युअल्टीत मानेचा बाजूने एक्स-रे काढला. या एक्स-रेत मणका आणि घसा यांच्यामधल्या मऊ भागाची जाडी मोजतात. मोठ्या माणसात दुसऱ्या मणक्यापाशी साधारण ७ मिलिमीटरपर्यंत आणि सहाव्यापाशी २२ पर्यंत ठीक मानतात. याची सहाव्यापाशी २७ भरली. सीटी स्कॅनमध्ये रक्त स्पष्ट दिसलं. नशिबाने श्वासनलिका फार दबलेली नव्हती. दोन रात्री आयसीयूत नुसतं लक्ष ठेवलं, घशात नळी घालायची सगळी तयारी उशाशी ठेवून. कापाकापी काही नाही. रक्त हळूहळू शोषलं गेलं. तिसऱ्या दिवशी छातीवर पिवळा-हिरवा डाग उमटला, म्हणजे आतलं रक्त गुरुत्वाकर्षणाने खाली येऊन आता कुठे कातडीत दिसायला लागलं होतं. बाहेरून दिसण्याची वाट बघणं किती फोल आहे ते तेव्हा कळलं.

‘नशिबाने’ असं का म्हटलं, ते सेकंड इयरच्या फ्लुइड मेकॅनिक्सवरून समजतं. पॉइझेलचा नियम आठवा: संथ प्रवाहात अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. वाट निम्मी झाली की अडथळा दुप्पट नाही, १६ पट. वाट अरुंद झाल्यावर प्रवाह संथ राहत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही वाईट. शिवाय साकळलेलं रक्त नुसतं दाबत नाही. ते स्वरयंत्राकडून परत येणाऱ्या नीला आणि लसिका वाहिन्या दाबतं, त्यामुळे स्वरयंत्रच आतून सुजतं. म्हणून ‘बरा आहे, बोलतोय’ या अवस्थेपासून श्वास बंद होण्यापर्यंतचा उतार सरळ रेषेत नसतो, शेवटी कड्यासारखा तुटतो. तोवर थांबलं तर सुजलेल्या, पुढे ढकललेल्या घशातून नळी घालणं तज्ज्ञालाही जड जातं, आणि मग गळ्याला छेद देऊन श्वासाची वाट करावी लागते. भूलतज्ज्ञ असा रुग्ण लवकर आणा म्हणतात ते एवढ्यासाठी.

आता गोळ्यांचा मुद्दा. रक्त गोठवण्याचं पहिलं काम प्लेटलेट करतात. अ‍ॅस्पिरिन या प्लेटलेटला कायमची निकामी करते. तिचं आयुष्य सात ते दहा दिवसांचं, म्हणजे नवीन तयार होऊन जागा भरेपर्यंत परिणाम राहतो, गोळीचा अंमल डोक्यावरून उतरला तरी. आयब्युप्रोफेनचा परिणाम तात्पुरता, साधारण दिवसभरात ओसरतो. हृदयविकाराच्या रुग्णांना रक्त पातळ करणाऱ्या याहून जबर गोळ्या असतात, त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करणं हा दुसराच धोका. होस्टेलची अडचण वेगळी आहे. डॉक्टर विचारतात, ‘काही औषधं चालू आहेत का?’ आपण म्हणतो, ‘नाही.’ कारण डोकं दुखलं की पाण्यात विरघळवून घ्यायची डिस्प्रिन किंवा मॅचनंतरची कॉम्बिफ्लाम याला आपण औषध समजतच नाही! पहिलीत अ‍ॅस्पिरिन आहे, दुसरीत आयब्युप्रोफेन. आमच्या मित्राच्या ड्रॉवरमध्येही अर्धी पट्टी सापडली. त्यामुळेच रक्त साकळलं असं डॉक्टर म्हणाले नाहीत, पण पुढच्या वेळी आधी सांग म्हणाले.

सुई न दिसता घालायची, याला इंजिनिअरिंगचं उत्तर म्हणजे अल्ट्रासाउंड. शरीरात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर. १० मेगाहर्ट्झचा प्रोब घेतला तर तरंगलांबी येते ०.१५ मिलिमीटर, म्हणजे अर्धा मिलिमीटरची सुई पकडायला पुरेशी. डॉप्लर चालू केला की वाहणारं रक्त रंगात दिसतं आणि ती थायरॉइडची वळणदार रोहिणी चुकवता येते. व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी १९९५ मध्ये १२ रुग्णांवर दोन्ही पद्धती करून पाहिल्या. नुसत्या बोटाच्या अंदाजाने केलं तेव्हा तिघांत रक्त साकळलं (त्रास कोणालाच झाला नाही), अल्ट्रासाउंडने केलं तेव्हा एकातही नाही. बारा हा आकडा लहान आहे, पण तिघांना *कळलंही नव्हतं* हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. अर्थात यंत्रालाही खोड्या आहेत. प्रोब जरा जोरात दाबला की नीला चपटी होऊन पडद्यावरून गायब होते, आणि सुई नेमकी तिच्यातून जाऊ शकते. आपल्याकडे आणखी एक गोष्ट: गर्भलिंगनिदान रोखण्याच्या १९९४ च्या कायद्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी मशीनची नोंदणी लागते, मग ते मानेसाठी वापरा की गुडघ्यासाठी. कायदा हवाच. पण लहान दवाखान्यातल्या भूलतज्ज्ञाला मशीन ठेवणं सोपं नाही, हेही खरं. तेव्हा आपलं इंजेक्शन कशाच्या मदतीने देणार, हे आधी विचारायला लाजू नका.

त्या प्रकारानंतर रेक्टर सर आणि आम्ही मिळून ठरवलं ते असं. असं इंजेक्शन घेऊन आलेल्याला ती रात्र खोलीत एकटं ठेवायचं नाही, सबमिशन असलं तरी. आल्यावर त्याच्याकडून एक ठरलेलं वाक्य मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्यायचं आणि दर तासाला तेच परत, म्हणजे आवाजाची तुलना आठवणीवर राहत नाही. तासातासाला घोटभर पाणी पिऊन दाखवायला सांगायचं. गिळणं किंवा आवाज आधीपेक्षा वाईट, मान किंवा पाठ नव्याने दुखते, मान आवळल्यासारखी वाटते, आडवं पडवत नाही, यातलं एकही झालं तर सकाळची वाट नाही. बसवूनच न्यायचं, झोपवून नाही. खायला-प्यायला काही द्यायचं नाही, मान चोळायची नाही. श्वासाचा आवाज यायला लागला तर कुणाची गाडी मिळते का ते शोधत बसायचं नाही, सरळ १०८. आणि कॅज्युअल्टीच्या दारात ‘घसा दुखतोय’ म्हणायचं नाही, नाहीतर गुळण्यांचं औषध मिळेल. म्हणायचं: ‘आज सकाळी याच्या मानेत स्टेलेट ब्लॉक दिलाय, आणि आता गिळायला त्रास वाढतोय.’ हे वाक्य आम्ही मोठ्या अक्षरात लिहून वॉचमन मामांच्या टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. मित्राचं तिसरं इंजेक्शन रद्द झालं. हात आता बराच बरा आहे, व्हॉलीबॉल मात्र अजून डाव्याच हाताने खेळतो.